नवीन किट टाकून पण कटर मशीन परत जाम होतेय? दुसरं किट मागवायच्या आधी हे बघा

कटर मशीन म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची चेन सॉ. प्रॉब्लेम असा असतोय. मशीन सकाळी थंड असताना एकदम मस्त चालू होते, दोन-चार ओंडके कापते, टाकी अर्धी संपत आली की रेस सोडली तरी इंजिन खाली यायला तयार नाही, वरच घोंघावत राहतंय, मग एकदम बंद. दोरी ओढायला गेलं की घट्ट. तासाभरानं थंड झाली की दोरी हलते, मशीन चालू पण होते, पण पहिल्यासारखी ओढ नाही, कॉम्प्रेशन गेलेलं. मेकॅनिककडं नेली की "पिस्टन-ब्लॉक गेलाय, नवीन किट टाका". किट टाकलं, थोडे दिवस चाललं, परत तेच. "गेल्या पावसाळ्यात तर नवीन किट घातलोय की, ऑइल पण जास्तच घालतोय बघा, तरी कसं काय जाम होतंय?" हे वाक्य बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, नागरगाळी ह्या पट्ट्यातून येणारा प्रत्येक जण बोलतोय.

माझा हा धंदा नाही. कारखान्यातनं सुटल्यावर संध्याकाळी बसून जुनी मशीन उघडायचा नाद आहे एवढंच, त्यामुळं मला किट खपवायचं नाही आणि घाई पण नाही. आणि एवढी मशीन उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय की पिस्टन खरचटणं हा ताप आहे, रोग दुसरीकडं असतोय. बहुतेक वेळा इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढत असतंय, किंवा पेट्रोल कमी पडत असतंय. मिक्चर लीन झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की जळण गरम होतंय, पेट्रोल कमी म्हणजे त्याच्याबरोबर येणारं ऑइल पण कमी, आणि टू-स्ट्रोकला वंगण तेवढंच. मग पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकला, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या सिलिंडरला, पुसलं जातंय. त्या रोगावर नवीन किट टाकलं तर नवीन किट खरचटणार, त्यात किटचा काय दोष.

खाली लिहितोय ते आपल्याकडं जास्त चालणाऱ्या दोन प्रकारांना धरून आहे. एक म्हणजे ५८ सीसी लिहिलेली चायना मशीन, जी कुठल्या पण नावानं मिळते पण आत सगळी एकच, आणि दुसरी स्टिलची एमएस १८०, साधारण ३१.८ सीसीची. बाकीच्या मशीनला पण तत्त्व हेच.

सगळ्यात पहिलं, सायलेन्सर काढा. दोन-तीन बोल्ट असतात, पाच मिनिटाचं काम. मागं एक्झॉस्टचं भोक दिसतं, त्यातनं पिस्टन दिसतोय. मोबाईलची टॉर्च मारा आणि दोरी हातानं हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करून बघा. चांगल्या पिस्टनवर मशीनिंगच्या एकदम बारीक आडव्या रेघा असतात, त्या अजून दिसत असतील तर पिस्टन जिवंत आहे. उभ्या रेघा, राखाडी पुसल्यासारखा पट्टा, रिंग खाचेत चिकटून बसलेली, असं दिसलं तर गेलाय. पण गेलाय एवढ्यावर थांबू नका, कुठल्या बाजूनं गेलाय ते बघा, खरी माहिती तिथं आहे. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या रेघा आणि मागची बाजू स्वच्छ, म्हणजे लीन चालून गरम झालीय. कार्बोरेटरच्या बाजूला घासलेलं आणि रंग मळकट, म्हणजे एअर फिल्टरमधनं धूळ, भुसा आत जातोय, फिल्टर फाटलाय नाहीतर नीट बसत नाही. चार कोपऱ्यात चार पट्टे म्हणजे पिस्टन गरम होऊन फुगलाय, ब्लॉकच्या पंखात भुसा भरून गारवा मिळालेला नाही, काजू नाहीतर फणस कापला असेल तर तो चिकट भुसा तिथं सिमेंट होऊन बसलेला असतोय. आणि सगळीकडनं सारखंच, कोरडं, ऑइलचा पत्ताच नाही, तर कुणीतरी साधं पेट्रोल ओतलंय. हे शेवटचं कोण कबूल करत नाही, पण पिस्टन सांगतोय.

आता समजा एक्झॉस्टच्या बाजूनं गेलाय. आपल्या प्रॉब्लेममध्ये बहुतेक वेळा तेच निघतंय. मग लीन का झालं ते शोधायचं. सोप्याकडनं अवघडाकडं जाऊ.

टाकीचं झाकण. मशीन गरम होऊन दम सोडायला लागली की तेव्हाच्या तेव्हा झाकण ढिलं करा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि मशीन परत नीट चालायला लागली तर टाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा आत घ्यायची वाट, बुजलाय. पेट्रोल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत व्हॅक्यूम बसतोय, आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. "अर्धी टाकी झाली की बंद" वाल्या केसमध्ये हा गुन्हेगार कितीदा तरी निघतोय, आणि खर्च जवळजवळ शून्य. व्हेंट काढून साफ करायचा, नाही झाला तर नवीन. ह्याच्यासाठी पिस्टन बदललेली मशीन मी बघितलेली आहेत, चीड येते.

त्याच झटक्यात टाकीतली नळी आणि फिल्टर बघून घ्या. नळी बाहेर काढून वाकवा, भेगा दिसतात का बघा. विशेषतः टाकीच्या भिंतीतनं नळी जाते तिथं ती चिरते आणि पेट्रोलबरोबर हवा ओढते. बाहेरनं काहीच दिसत नाही.

आता पेट्रोल, ह्यावर जरा जास्त बोलावं लागेल. आता पंपावर सगळीकडं ई२० मिळतंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. मोटरसायकलवाल्यांचं भांडण मायलेजवरनं चालू आहे, आपलं दुखणं वेगळं. शुद्ध पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल ८-९ टक्के जास्त द्यायला पाहिजे. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कंप्युटर ते सांभाळून घेतो, आपल्या मशीनमध्ये आहे एक स्क्रू. जुन्या पेट्रोलवर ट्यून केलेली मशीन तशीच ई२० वर चालवली की ती आपोआप लीन झाली, कुणी हात न लावता. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात तर १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असतंय, पण आपल्याला दुसरं मिळतंय कुठं.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतंय. कणकुंबी, जांबोटीकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते तिथं राहणाऱ्याला सांगायला नको, भिंतीला बुरशी येते. तिथं अर्धा रिकामा कॅन बूच ढिलं ठेवून गोठ्यात पडून असला की पाणी आत शिरत राहतं, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी पेट्रोल सोडून तळाला बसतं. ह्या तळाच्या थरात टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल, विरघळत नाही, ते वर पेट्रोलमध्येच राहतं. आणि टाकीतला फिल्टर कुठं पडलेला असतो? तळाला. म्हणजे तुम्ही ऑइल दुप्पट घातलं असलं तरी इंजिनला मिळतंय ते बिनऑइलचं पाणचट मिश्रण. शंका आली तर कॅनमधलं पेट्रोल एका पांढऱ्या पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला वेगळी रेघ दिसली तर ते पेट्रोल मशीनला नाही. किती इथेनॉल आहे बघायचं असेल तर मापाच्या उभ्या नळकांड्यात ८० मिली पेट्रोल, ऑइल न घातलेलं, आणि २० मिली पाणी, हलवून ठेवून द्या. पाण्याचा थर २० च्या जागी ३५ च्या आसपास दिसला तर समजायचं २० टक्क्यांच्या जवळ आहे. हे काहीजण पाण्यानं "धुतलेलं" पेट्रोलच मशीनमध्ये वापरतात, मी वापरत नाही. इथेनॉलबरोबर ऑक्टेन पण जातंय, आणि ओलं पेट्रोल हातात राहतंय ते वेगळंच.

थोडं थोडं ताजं मिसळा, आठ-पंधरा दिवसात संपेल एवढंच. काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर पण रिकामा करा.

आणि ऑइल. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल, डब्यावर जेएएसओ एफडी लिहिलेलं, तर १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. पुस्तकात १:२५ किंवा १:४० लिहिलं असेल तर लिटरला ४० किंवा २५ मिली, पुस्तक सांगतंय तेवढंच. "जास्त ऑइल म्हणजे जास्त सेफ्टी" हे डोक्यातनं काढा. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधनं पेट्रोल कमी जातंय, म्हणजे उलट थोडं लीनच होतंय, शिवाय कार्बन साचतंय ते वेगळं. मापायला औषधाच्या दुकानातली सिरिंज घ्या, बाटलीच्या बुचानं अंदाजे ओतू नका.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर मग असली कामाला या, प्रेशर टेस्ट. किट टाकणारे दहातले नऊ जण ही करत नाहीत, कारण त्यांच्याकडं सामान नाही. सामान घरात असतंय हो! जुनं बीपी बघायचं मशीन, गोल काट्याचं, हातानं दाबायच्या फुग्यासकट. ते ३०० पर्यंत दाखवतं. ३०० म्हणजे ०.४ बार, साधारण ५.८ पीएसआय. कंपनीवाले ०.५ बारवर टेस्ट करतात, आपल्याला २५० पर्यंत भरलं तरी गळती कळते. कंप्रेसरची हवा चुकून पण लावू नका, क्रँकच्या टोकाला बसवलेल्या रबरी सीलची लिप उलटी होते.

सायलेन्सर काढून त्या जागी जुन्या ट्रकच्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि वर पट्टी टाकून बोल्ट कसा, एक्झॉस्ट बंद. प्लग जागेवर घट्ट. कार्बोरेटर काढा आणि त्याच्या जागी ५-६ मिमी जाड ॲल्युमिनियमची नाहीतर ॲक्रेलिकची प्लेट, मध्ये भोक पाडून निप्पल बसवलेली, खाली रबर. निप्पलला बीपीची नळी. ५८ सीसीच्या मशीनला कार्बोरेटरच्या बुडाशीच मोठ्या भोकाच्या शेजारी एक बारीक भोक असतं, इम्पल्सचं, ते क्रँककेसपर्यंत जातं आणि तिथल्या दाबावर कार्बोरेटरचा पेट्रोल पंप चालतो. तुमच्या प्लेटनं ते भोक दाबून बंद होऊ नये, रबरमध्ये तेवढी जागा सोडा, म्हणजे पिस्टन कुठं पण असला तरी हवा आत जाईल. इम्पल्सची नळी वेगळी असेल तर हवा तिथनं भरा आणि कार्बोरेटरची बाजू बंद करा. जोडायच्या आधी नुसती नळी चिमटीत दाबून फुगा मारून बघा, बीपीचं मशीनच गळत असेल तर तासभर नसलेली गळती शोधत बसाल.

आता भरा २५० पर्यंत आणि बघत रहा. वीस सेकंद काटा हलला नाही पाहिजे. काटा सरळ खाली येत असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशनं लावत जा. आधी कार्बोरेटरच्या मागचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड, तो बोटानं वाकवत वाकवत, कारण चीर वाकवल्यावरच उघडते. मग ब्लॉकच्या बुडाचं पॅकिंग. मग क्रँककेसचे दोन भाग जिथं जुळतात तो सांधा, खास करून वरचा कोपरा, जिथं पॅकिंग कापून ब्लॉकच्या पॅकिंगला मिळवलेलं असतं. प्लगच्या बुडाशी पण. ही सगळी डोळ्यासमोरची ठिकाणं.

आणि बहुतेक वेळा गळती ह्यातल्या कुठल्याच ठिकाणी नसते. असते क्रँकच्या दोन टोकाच्या सीलमध्ये, एक फ्लायव्हीलच्या मागं, एक क्लचच्या मागं. त्यामुळं फ्लायव्हील आणि क्लच दोन्ही काढल्याशिवाय टेस्ट पुरी होत नाही. क्लचचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, बहुतेक मशीनला तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो, वर बाण पण कोरलेला असतोय. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालू नका, नायलॉनची दोरी घाला. आधी पिस्टन वर नेऊन एक्झॉस्टचं भोक झाकलं गेलंय ना बघा मगच दोरी भरा, नाहीतर दोरी भोकात अडकून कापली जाते आणि रिंग पण मोडते.

दोन्ही निघाली की सीलवर साबणाचं पाणी लावा आणि क्रँक हातानं सावकाश फिरवा. ही फिरवायची गोष्ट महत्त्वाची आहे. परवा अशीच एक एमएस १८० होती, काटा २५० वर तसाच उभा, म्हटलं चला, ही टाईट आहे. फ्लायव्हीलच्या बाजूचा शाफ्ट जरासा फिरवला आणि लिपच्या खालच्या अंगाला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, मोठा होत होत फुटला, परत दुसरा. शाफ्ट अजून थोडा फिरवला की बंद. म्हणजे एका ठराविक जागीच गळत होतं. मालकानं ह्या मशीनला आधी किट टाकून घेतलेलं होतं.

प्रेशर टेस्ट पास झाली तरी शक्य असेल तर व्हॅक्यूम पण करा. सीलची लिप आतल्या बाजूला तोंड करून असते, आतनं दाब दिला की ती शाफ्टवर उलट जास्त दाबली जाते, त्यामुळं झिजलेलं सील प्रेशरला टिकतंय आणि व्हॅक्यूमला उघडं पडतंय. इंजिन चालताना क्रँककेसमध्ये दोन्ही होत असतंय. ब्रेकचं ऑइल ओढायचा हातपंप मिळतो गेजसकट, तो चालतो. ०.५ बारचा व्हॅक्यूम द्यायचा, वीस सेकंदात ०.३ च्या खाली उतरला नाही तर सील ठीक.

सील बदलायचं तर जुन्याला बारीक स्क्रू मारून पकडीनं सरळ ओढा, शाफ्टला ओरखडा पाडू नका. जुन्या सीलवर नंबर असतोय, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, जा, बेळगावात हायड्रॉलिकचं एवढं काम चालतंय की त्या मापाचं सील मिळायला सहसा अडत नाही, मिळालं तर व्हायटॉनचं घ्या, उष्णता आणि इथेनॉल साध्या नायट्राईलपेक्षा जास्त सोसतंय. पण नवीन सील ठोकायच्या आधी क्रँक दोन्ही बाजूंनी धरून वर-खाली हलवून बघा. बेअरिंगला प्ले असेल तर शाफ्ट डुलत राहणार आणि नवीन सील पण तसंच खाणार, मग बेअरिंगसकट करा. बसवताना शाफ्टच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळा, लिपला ऑइल लावा, बरोबर मापाचा सॉकेट ठेवून सरळ दाबा.

एमएस १८० चं एक वेगळं आहे, तिचं इंजिन खालच्या तव्यासारख्या भागावर उलटं बसवलेलं असतं, मध्ये पॅकिंगचा कागद नसतो, सीलंट असतं. ते उघडलं असेल तर जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा आणि पेट्रोल सोसणारंच नवीन लावा, पातळ. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतंय.

हवा कुठनंच येत नाही, मग कार्बोरेटर. डायफ्रामचं किट स्वस्त आहे, बदलूनच टाका. जुना डायफ्राम कानाजवळ धरून बोटानं दाबा, कडकड असा आवाज आला तर तो कडक झालाय. कडक डायफ्राम सुई पूर्ण उघडत नाही, म्हणजे पेट्रोल कमी. पॅकिंग आधी की डायफ्राम आधी हा क्रम उघडताना फोटो काढून ठेवा, आणि कार्बोरेटर परत बसवताना मधल्या पॅकिंगचं इम्पल्सचं भोक बरोबर जागी आहे ना बघा. चायना मशीनमध्ये ते पॅकिंग उलटं पण बसतंय, भोक झाकलं जातंय, मग पंपच चालत नाही, आणि माणूस प्लग बदलत बसतोय.

आता किट टाकायचंच आहे तर. आधी जुना ब्लॉक फेकू नका. पुष्कळदा ब्लॉकच्या क्रोम किंवा निकासिल थराला काही झालेलं नसतं, नुसतं पिस्टनचं ॲल्युमिनियम त्यावर चिकटलेलं असतंय. कापसाच्या काडीनं हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे बाथरूम साफ करायचं, फक्त त्या पट्ट्यावर लावा. फेस येतोय तोपर्यंत ॲल्युमिनियम आहे, फेस थांबला की पाण्यानं धुवा. भोकांच्या कडेला लावू नका, तिथं खाली ब्लॉकचंच ॲल्युमिनियम उघडं असतं, ते पण खाऊन टाकेल. अंगणात करा, हातमोजे, चष्मा, आणि ब्लीचिंग जवळ पण आणू नका. नंतर स्क्रबरनं हातानं तिरकं घासा. नखाला खाच लागली नाही तर ब्लॉक वापरण्यासारखा आहे, फक्त पिस्टन-रिंग नवीन. मोटरसायकलचं बोअर मारणारा म्हणेल "द्या, बोअर मारून देतो". देऊ नका. बाईकच्या ब्लॉकला आत बिडाचा लायनर असतो म्हणून बोअर मारता येतं, ह्याला वरचा थरच केसाएवढा आहे, तो गेला की ब्लॉक गेला.

नवीन किट आलं की डोळे झाकून बसवायचं नाही. स्वस्त किटमध्ये भोकांच्या कडा धारदार असतात, ओतकामाचे कंगोरे तसेच, रिंग त्यात अडकते. बारीक कागदानं कडा किंचित मारून घ्या. रिंग एकटी ब्लॉकमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं बघा. बोअरच्या दर २५ मिमीला साधारण ०.१ मिमी हा अंदाज, म्हणजे ५८ सीसीवाल्याच्या ४५.२ मिमी बोअरला ०.१८ च्या आसपास. फटच नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकाला भिडणार आणि परत जाम. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं, सर्क्लिप नवीनच, तिचं तोंड वर किंवा खाली, आडवं नको. आणि बंद करून झालं की परत बीपीचं मशीन लावून टेस्ट. कंटाळा येतोय मान्य, पण किटचे पैसे ह्याच्यानंच वाचतात.

मॉडिफाय करणाऱ्या पोरांसाठी थोडं. सायलेन्सरचं भोक मोठं केलं की मशीनचा दम वाढतो, बरोबर आहे, मी पण करतो. पण जास्त मोकळं झालं म्हणजे जास्त हवा, म्हणजे लीन, एच स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरचा फुल रेसच्या पेट्रोलचा स्क्रू, उघडावाच लागणार. आणि बऱ्याच एमएस १८० वर एच स्क्रूच नसतो, मेन जेट फिक्स असतो, फक्त एल (कमी रेसच्या पेट्रोलचा) आणि आयडलचा स्क्रू. अशा मशीनचा सायलेन्सर उघडून तुम्ही ती मारायचीच व्यवस्था करताय, त्यात वरनं ई२०. आधी एच स्क्रूवाला कार्बोरेटर बसवा. ठिणगीची जाळी काढून उन्हाळ्यात वाळक्या गवतात कापायला जाऊ नका हे वेगळं सांगायला लागू नये. बुडाचं पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवायचं असेल तर प्लगच्या भोकातनं सोल्डरची वायर ब्लॉकच्या भिंतीपर्यंत घालून क्रँक हातानं फिरवा, चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरनं मोजा. ०.५ मिमीच्या खाली जाऊ नका. आणि त्या जागी लावलेलं सीलंट गळत नाही ना ते परत त्याच टेस्टनं.

शेवटी ट्यूनिंग. एल आणि एच दोन्ही हलक्या हातानं बंद करून साधारण एक-एक फेरा उघडा, इथनं सुरुवात. उघडलं की पेट्रोल जास्त, बंद केलं की कमी. मशीन पाच मिनिटं चालवून गरम करा. एल फिरवत आयडल सगळ्यात वर जातं ती जागा शोधा, तिथनं थोडं उघडा. आयडलचा स्क्रू असा की चेन फिरायची थांबेल. मग फुल रेस, लाकडाबाहेर, दोन-तीन सेकंदच. एकदम साफ, बारीक किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे लीन, भले ऐकायला झकास वाटू दे. एच उघडत जा, आवाज भरडा, फुटल्यासारखा येईपर्यंत. मग लाकडात घाला, दाब आल्यावर आवाज साफ झाला आणि बाहेर काढल्यावर परत फुटला की बरोबर. फिरवल्यावर पण फरकच पडत नाही, किंवा मशीन तिरकी केली की रेस बदलते, तर परत वर जा, हवा अजून कुठून तरी येतेय.

ट्यूनिंग जिथं काम आहे तिथं करा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, इथली हवा खालच्यापेक्षा ७ टक्के तरी विरळ. आपल्याकडची पोरं चोर्ला घाट उतरून सत्तरी, वाळपईकडं नारळ-फणस तोडायला जातात, इथं काठावर ट्यून केलेली मशीन तिथं दाट हवेत लीन होते, आणि गोव्यातला उकाडा आणि दिवसभराचं काम. खाली उतरलात की एच थोडा उघडा, वर आलात की परत आणा.

आणि एक केस ह्या सगळ्यात बसत नाही. मशीन गरम झाली की बंद, पण दोरी मोकळी, कॉम्प्रेशन ठीक, पिस्टनवर रेघ नाही. तेव्हा गरम असतानाच प्लग काढून बॉडीला टेकवून स्पार्क बघा. प्लगचं भोक तोंडापासनं आणि पेट्रोलपासनं लांब ठेवा. स्पार्क नाही आणि थंड झाल्यावर येतोय, तर कॉइल गेलीय. फ्लायव्हीलच्या चुंबकापासनं कॉइलची फट ०.३ मिमी, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून बोल्ट आवळा, कार्ड ओढून काढा. ह्या मशीनला किट लागत नाही.